पुन्हा पुन्हा त्याच मोहात पडतो: शक्ती कमी पडते की आणखी काही?

जय ख्रिस्त, भाऊ.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: बाप्तिस्मा घेऊन काही वर्षं झाली, मंडळीत तरुणांमध्ये सेवा करता, पण रात्री मोबाइलवर नको ते पाहायची सवय सुटत नाही. उपास करून झाले, देवापुढे शपथा घेऊन झाल्या. दोन-तीन आठवडे बरे जातात आणि एका रात्री सगळं पाण्यात जातं. मग चार-पाच दिवस प्रार्थनेला तोंड उघडत नाही, पवित्र शास्त्राला हात लावावासा वाटत नाही, प्रभुभोजनाच्या (मंडळीत भाकरी आणि द्राक्षारस घेतात त्या) रविवारी काहीतरी निमित्त काढून घरी थांबता. शेवटी विचारलंय की मोहाला तोंड द्यायची जास्त शक्ती कशी मिळेल, आणि माझा विश्वास मुळात खरा आहे का.

मी बरीच वर्षं पाळक आहे. लोक दार लावून घेऊन जे प्रश्न विचारतात, त्यांत हा सर्वांत जास्त वेळा येतो. कुणाची दारू असते, कुणाचा जुगार, कुणाचा घरच्यांवर निघणारा राग, कुणाचं चोरून चाललेलं बोलणं. पण पडायची रीत बहुतेकांची सारखीच असते, म्हणून तुमच्या निमित्ताने जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही शक्ती मागताय ती मोहाच्या त्या दहा मिनिटांसाठी. पण तुमचंच वर्णन पुन्हा वाचा. त्यात त्या दहा मिनिटांच्या आधीची संध्याकाळ आहे, तिच्याबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही. आणि नंतरचे चार-पाच दिवस आहेत, ते तुम्ही शिक्षा भोगावी तसे काढता. माझ्या मते तुमची खरी अडचण या दोन ठिकाणी आहे, आणि त्यातही ते नंतरचे दिवस जास्त घातक आहेत. पुढच्या पडण्याची तयारी त्यातच होते.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकतो. तुमचं लग्न झालंय की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याने बराच फरक पडतो. ही सवय किती जुनी आहे, लहानपणी तुमच्याशी कुणी गैरवर्तन केलं होतं का, कायम उदास वाटतं का, झोप उडाली आहे का, यानेही फरक पडतो. काही जणांना पापापेक्षा पापाच्या भीतीने जास्त पछाडलेलं असतं. मनात एक विचार चमकून गेला तरी ते तासन् तास क्षमा मागत बसतात. अशा माणसाला मी जास्त प्रार्थना करायला कधीच सांगत नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. आणि कुणाच्याही बाबतीत, यात दुसऱ्या माणसाला इजा होत असेल, विशेषतः लहान मुलांचा काही संबंध असेल, तर तो विषय माझ्या या उत्तराच्या बाहेरचा आहे. तिथे आजच्या आज योग्य अधिकाऱ्यांना आणि डॉक्टरांना सांगायचं, त्यात विचार करायला जागाच नाही. तुमचं प्रकरण तसं वाटत नाही, तेव्हा पुढे जातो.

मोह होणं म्हणजे पाप नव्हे. हे तुम्ही प्रवचनात ऐकलं असेल, पण तुमच्या लिहिण्यातून ते मुरलेलं दिसत नाही. ‘माझ्या मनात असे विचार येतातच कसे’ असं तुम्ही लिहिलंय. इब्रीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आपल्या प्रभूबद्दल म्हटलंय की सर्व बाबतींत आपल्यासारखीच त्याची परीक्षा झाली, तरी तो निष्पाप राहिला. म्हणजे मोहाच्या रस्त्यावर उभं राहूनही निष्पाप असता येतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने मनात येणाऱ्या मोहक विचारांचे आठ प्रकार मांडले होते. विचारांनी आपल्याला त्रास द्यावा की नाही हे आपल्या हातात नाही, त्यांनी मुक्काम करावा की नाही हे आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच्याच काळात ऑगस्टीन या बिशपने पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सुचतं, मग त्यात गोडी वाटते, मग मन होकार देतं. तुम्ही पहिल्या पायरीवरच स्वतःला दोषी ठरवता. आणि दोषी ठरवलंच आहे तर आता राहिलंय काय, असं म्हणून बाकीच्या दोन पायऱ्या उतरून जाता. खरं की नाही?

आता आधीच्या संध्याकाळीबद्दल. दावीद राजा आणि बथशेबाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, पण २ शमुवेलाचा अकरावा अध्याय एकदा संथपणे वाचा. पहिलंच वचन सांगतं की राजे लढाईवर जातात तो काळ होता, सैन्य गेलं होतं आणि दावीद मात्र यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी तो पलंगावरून उठून गच्चीवर फेऱ्या मारू लागला. तिथून त्याला ती दिसली. दिसणं हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. मग त्याने चौकशी करायला माणूस पाठवला, आणि उत्तर आलं: ती बथशेबा, अलीयामाची मुलगी, उरीया हित्ती याची बायको ना?

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. १ करिंथ १०:१३ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की देव मोहाबरोबर निभावण्याचा उपायही करतो. हा उपाय कसा दिसत असेल, असं पुष्कळजण विचारतात. त्यांना वाटतं काहीतरी तेजस्वी, अंगावर काटा आणणारं असेल. दावीदाला तो एका नोकराच्या साध्या वाक्यातून मिळाला. ‘ती अमक्याची बायको आहे.’ दार उघडं होतं. दावीदाने त्यानंतर माणसं पाठवली आणि तिला आणवलं. गच्चीवर रेंगाळणं, पाहणं, विचारपूस करणं, बोलावणं, इतक्या जागा होत्या थांबायला, आणि प्रत्येक जागी थांबणं आधीच्या जागेपेक्षा अवघड होत गेलं.

तुमची गच्ची कुठली, हे शोधायला हवं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक काम देतो. पडल्यानंतर दुसऱ्या दिवशी एका कागदावर, त्या क्षणाच्या आधीचे चार तास लिहून काढायचे. पापाचं वर्णन नको, ते मला वाचायचंही नसतं. जेवलात का, कुणाशी बोललात, काय ऐकून घ्यावं लागलं, कधी आडवे झालात, मोबाइल हातात का घेतला. असे चार-पाच कागद जमले की ते शेजारी शेजारी ठेवायचे.

एका भावाचं उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्याची ठाम समजूत होती की आपली वासना इतरांपेक्षा जास्त आहे. कागद समोर ठेवले तेव्हा वासना कुठे दिसेचना. जवळजवळ प्रत्येक कागदावर थोरल्या भावाशी फोनवर झालेलं बोलणं होतं. वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च कुणी करायचा यावरून तो भाऊ टोचून बोलायचा, हा गप्प ऐकून घ्यायचा. नंतर ‘जरा बरं वाटावं’ म्हणून मोबाइल. तो दोन वर्षं शुद्धतेसाठी प्रार्थना करत होता आणि रागाबद्दल देवाशी एकदाही बोलला नव्हता. आम्ही आधी त्या फोनचं पाहिलं. काय बोलायचं, कुठे थांबवायचं, फोन ठेवल्यावर पुढचा अर्धा तास कुणाबरोबर बसायचं. एवढ्याने सवय एका दिवसात गेली नाही, पण लढाई कुठे आहे ते त्याला कळलं.

तुमच्या कागदावर राग नसेल. थकवा असेल, एकटेपणा असेल, कधी नुसता कंटाळा. कधी कधी चक्क यशही असतं: तरुणांची सभा छान झाली, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि त्याच रात्री पाय घसरला. सेवेतल्या लोकांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

इथेच उपासाचं बोलून घेतो, कारण त्याबाबत माझं मत काहींना पटत नाही. मी उपासाच्या विरोधात नाही, स्वतः करतो. पण दिवसभर काम, पोटात काही नाही, रात्री अकराला एकटा माणूस आणि हातात मोबाइल, हा उपास तुम्हाला मोहाच्या तोंडी देतोय. प्रभूने चाळीस दिवस उपास केला आणि त्याला भूक लागली, तेव्हाच परीक्षक आला, हे मत्तयाने उगाच लिहिलेलं नाही. आणि एलीया संदेष्टा बघा. ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला, झुडपाखाली बसून मरण मागू लागला. १ राजे १९ मध्ये देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. एलीया जेवला, पुन्हा झोपला, देवदूताने पुन्हा उठवून खायला घातलं. मग प्रवास, मग होरेब डोंगर, मग देवाची वाणी. तुम्हाला माझा सल्ला असा की निदान दोन महिने रात्रीच्या जेवणाचा उपास बंद करा. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, आणि मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. गजराला साधं घड्याळ घ्या. हे फार आध्यात्मिक वाटत नाही ना? योसेफाने काय केलं ते आठवा. त्याच्या धन्याची, पोटीफराची, बायको रोज त्याच्या मागे लागत होती, आणि शास्त्र सांगतं की तो तिच्याजवळ असायलाही तयार नव्हता. शेवटी वस्त्र तिच्या हाती सोडून पळाला. पळण्यात कमीपणा नाही. (त्याचं बक्षीस म्हणून त्याला तुरुंग मिळाला, हेही खरं. योग्य वागलं की लगेच छान वाटतं, असं मी कुणालाही सांगत नाही.)

आता ती दहा मिनिटं. तुम्ही लिहिता की मोह आला की गुडघ्यावर बसून ‘प्रभू, हा विचार काढून टाक’ असं अर्धा तास म्हणत राहता, आणि विचार आणखी बळावतो. त्यात नवल नाही. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिली. वर, नंतर जेव्हा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा या लोकांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. तुमची ती अर्ध्या तासाची प्रार्थना तोंडाने देवाशी चालते आणि डोळे मात्र मोहावर खिळलेले असतात.

प्रार्थना आखूड करा. ‘प्रभू येशू, माझ्यावर दया कर, मला धर’ एवढं पुरे. आणि म्हणता म्हणता उठा. दिवा लावा, खोलीतून बाहेर जा, एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचू नका, आवाज कानावर पडू द्या. घरात कुणी जागं असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. वचनं पाठ असणं चांगलंच. रानातल्या त्या परीक्षेत प्रभूने सैतानाला तिन्ही वेळा अनुवाद या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या वचनांनी उत्तर दिलं. पण सैतानानेही तिथे एक्क्याण्णवावं स्तोत्र म्हणून दाखवलं, हे विसरू नका. वचन मंत्रासारखं फेकून मारल्याने काही होत नाही. प्रभूच्या प्रत्येक उत्तरात तो कुणाचा आहे आणि कुणावर अवलंबून आहे हे आलं होतं. तुमच्या मोहाला नेमकं उत्तर देणारी दोन-तीन वचनं निवडा. ‘मी एकटा आहे’ असं वाटतं तेव्हाचं वेगळं, ‘एवढं केलंय, आता थोडा हक्क आहे माझा’ असं वाटतं तेव्हाचं वेगळं.

शपथा मात्र बंद करा. ‘देवा, पुन्हा कधीच नाही’ ही शपथ भावनेच्या भरात घेतली जाते, आणि बहुतेक वेळा तिच्यात स्वतःवरचाच भरवसा असतो. सर्व अडखळले तरी मी अडखळणार नाही, असं प्रभूचा शिष्य पेत्र म्हणाला होता. त्याच रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने जागे राहा आणि प्रार्थना करा असं सांगितलं, तेव्हा तो झोपला. शपथ मोठी होती, पण सांगितलेलं एक लहानसं काम राहून गेलं. तुम्ही आजच्या रात्रीपुरतं, मोबाइल बाहेर ठेवण्याइतकं लहान, असं काहीतरी ठरवा.

इथवरचं सगळं आधीच्या संध्याकाळीचं आणि त्या दहा मिनिटांचं झालं: कागद, जेवण, झोप, आखूड प्रार्थना, जागा सोडणं. हे सगळं करूनही तुम्ही कदाचित पुन्हा पडाल. खोटी आशा दाखवत नाही. तेव्हा नंतरचे दिवस.

व्यसनमुक्तीवर काम करणारे ॲलन मार्लॅट यांनी १९८०च्या दशकात एक गोष्ट नेमकी मांडली. सोडलेलं व्यसन एकदा हातून घडलं की ‘आता सगळं संपलं, मी असाच’ असं जो स्वतःला सांगतो, तो एका चुकीवरून पूर्ण घसरणीकडे जातो. आपल्या भाषेत बोलायचं तर, पडल्यावर लपणं. एदेन बागेत आदामाने पहिलं हेच केलं. दावीद उरीयाला ठार मारण्यापर्यंत गेला तो लपवण्यासाठीच. नाथान संदेष्टा त्याला जाब विचारायला आला तोवर मूल जन्माला आलं होतं, इतके महिने त्याने काढले. गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, असं बत्तिसावं स्तोत्र म्हणतं. तुमचे ते चार-पाच दिवस याच जातीचे आहेत. त्या दिवसांत तुम्ही प्रार्थना करत नाही, मित्रांना टाळता, स्वतःची घृणा करता. मग इतकं रिकामं आणि कडवट झालेलं मन जरा सुख शोधायला कुठे जाणार? जिथे नेहमी जातं तिथेच.

म्हणून नियम असा ठेवा: पडलात की त्याच रात्री, उठून तोंड धुवून, पाच मिनिटं देवासमोर बसायचं. १ योहान १:९ उघडायचं. आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, असं तिथे लिहिलंय. काय केलं ते नाव घेऊन सांगायचं, सबबी जोडायच्या नाहीत, आणि स्वतःला शिव्याही घालायच्या नाहीत. क्षमेबद्दल आभार मानायचे आणि झोपायचं. सकाळी रोजच्या वेळेला शास्त्रवाचन. मन लागणार नाही, ढोंग केल्यासारखं वाटेल. तरी करायचं. स्वतःवर चार दिवसांची शिक्षा लादून तुम्ही वधस्तंभावर जे पूर्ण झालं त्यात स्वतःची भर घालायला बघताय.

यावर लोक म्हणतात, पाळक, असं सोपं केलं तर माणूस बिनधास्त पाप करेल. पौलालाही हेच विचारलं गेलं होतं, आणि रोमकरांस सहाव्या अध्यायात त्याने ते साफ फेटाळलं. माझ्या पाहण्यात तरी, लवकर परत येणारे लोक हळूहळू कमी पडतात. लपणारे लपण्यात तरबेज होतात.

प्रभुभोजन टाळता, असं लिहिलंत. १ करिंथ ११:२८ म्हणतं, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. पारख करून दूर बसावं असं तिथे नाही. पश्चात्ताप खरा असेल तर या. तुम्ही कॅथलिक असाल तर आधी फादरांकडे कन्फेशनला (पापकबुलीला) जा, तुमच्या मंडळीची ती शिस्त आहे आणि तिचा फायदाच होईल.

आता जे तुम्हाला सर्वांत नकोसं वाटेल ते. एका माणसाला सांगावं लागेल. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगतं, आणि माझ्या अनुभवात जे बरे झाले त्यांतल्या बहुतेकांनी हे केलं होतं. माणूस निवडताना घाई नको. तो पुरुष असावा, विश्वासात तुमच्यापेक्षा मुरलेला, आणि मुख्य म्हणजे इतरांच्या गोष्टी तुमच्याकडे येऊन न सांगणारा. जो दुसऱ्याचं गुपित तुम्हाला सांगतो तो तुमचंही सांगेल. स्वतः याच दलदलीत गळ्यापर्यंत बुडालेला मित्रही नको, तिथे दोघं एकमेकांची समजूत काढत बसतात. लग्न झालं असेल तर बायकोला हे कळण्याचा हक्क आहे, पण तिला पहारेकरी करू नका. रोज मोबाइल तपासायचं काम बायकोवर टाकलेली घरं मी पाहिली आहेत, त्यातून दोघांचंही काही भलं झालं नाही. तिला कधी आणि कसं सांगायचं हे त्या निवडलेल्या माणसाशी बोलून ठरवा.

त्याच्याशी एक ओळ आधीच ठरवून ठेवा. ‘आज रात्र अवघड आहे’ एवढीच. त्या क्षणी शब्द सुचत नाहीत, लाज आडवी येते, म्हणून ती मोबाइलमध्ये तयार असू द्या. त्याने लांब उपदेश पाठवायचा नाही, फोन करायचा, हेही त्याच्याकडून कबूल करून घ्या.

आणि ज्या तासाला तुम्ही पडता, त्या तासाला दुसरं काहीतरी द्या. अशुद्ध आत्मा निघून गेल्यावर घर झाडून लावलेलं पण रिकामं राहिलं, आणि तो आणखी सात घेऊन परतला, असं प्रभूने मत्तय १२ मध्ये सांगितलंय. पौल इफिसकरांस ४:२८ मध्ये चोराला चोरी सोड म्हणून थांबत नाही. हाताने काम कर म्हणतो, म्हणजे गरजवंताला द्यायला तुझ्याजवळ काही असेल. घेणारा हात देणारा होईपर्यंत पौल त्याला सोडत नाही. तुमच्या बाबतीत ते काय असेल हे मी इथून सांगू शकत नाही.

विश्वास खरा आहे का, या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते आधी दिलं असतं तर तुम्ही बाकीचं वाचलं नसतं. देहवासना आत्म्याविरुद्ध आणि आत्मा देहवासनेविरुद्ध आहे, असं गलतीकरांस ५:१७ म्हणतं. ही ओढाताण ज्याच्या आत चालू आहे, त्याला मी अविश्वासी म्हणणार नाही. ज्यांची मला खरी काळजी वाटते ते हा प्रश्न विचारायला येतच नाहीत.

तरुणांमधली सेवा सोडावी का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. ते एकट्याने ठरवू नका. आधी वर सांगितलेल्या माणसाशी बोला, मग तुमच्या पाळकांशी. काही महिने पुढे उभं राहण्याऐवजी मागे बसून काम करणं तुम्हाला हलकं वाटेल, किंवा काहीच बदलायची गरज पडणार नाही. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. सहा महिने प्रामाणिकपणे हे सगळं करूनही काहीच फरक पडला नाही, तर व्यसनांवर काम करणाऱ्या समुपदेशकाची वेळ घ्या. ते विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. या आठवड्यात मात्र दोनच कामं करा: आज रात्री मोबाइल बाहेर, आणि रविवारच्या आत त्या एका माणसाला भेटायची वेळ मागून घ्या.